बिशपांची हरकत

१८८५च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रिन्सिपॉल मिस डोरोथिया बील यांना एका साध्याशा प्रश्नापायी बिशपांशी वाद घालावा लागत होता. कॉलेजात एक तरुण हिंदी विधवा शिकत होती आणि शिकवतही होती. तिने इंग्रज मुलांना, तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली. शिकवणारं माणूस तर नामी होतं. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेलं. मिस बील यांना यात काही वावगं दिसेना. लाहोरचे बिशप टॉमस व्हॅल्पी फ्रेंच आणि मुंबईचे बिशप लुई जॉर्ज मिल्न यांना मात्र दिसलं. बाईने पुरुषांना शिकवलं हे हिंदुस्थानात कळलं तर तिच्याच लोकांत तिची पत जाईल, परत गेल्यावर तिच्या हातून व्हायचं काम बिघडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. तेव्हा वय सत्तावीस, पदरी चार वर्षांची मनोरमा.

ज्या समाजाचा हवाला बिशप देत होते, त्या समाजात ही बाई पुरुषांपुढे बोलतच लहानाची मोठी झाली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं म्हणून उडुपीच्या धर्मपीठापुढे त्यांना जाब द्यावा लागला होता. शास्त्रीबुवांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले आणि सुटले. पुढे गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम मांडला, विद्यार्थी ठेवले, आणि शास्त्रीबुवा नसले की लक्ष्मीबाई त्या मुलांना शिकवत. रमाबाईंचे पहिले धडे आईकडूनच झाले, तेही पहाटे, कारण दिवसभर घरच्या कामातून आईला उसंत नसे. मग कर्ज झालं, आश्रम मोडला आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळाच्या आवारात, नदीच्या घाटावर, झाडाखाली पोथी उघडून बसायचं, पुराण सांगायचं, श्रोते ठेवतील त्यावर गुजराण करायची. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. उरलेले बहीण-भाऊ पायी फिरत १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली, आणि ‘पंडिता’ ही पदवी तिला कायमची चिकटली.

बिशपांचा अंदाज अगदीच खोटा होता, असं मात्र म्हणवत नाही. नवरा वारल्यावर १८८२मध्ये रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, पुराणं आणि व्याख्यानं सुरू केली. त्या वेळी पुण्यातल्या जुन्या घरांमधून काय काय बोललं गेलं, ते रमाबाई रानडे यांच्या आठवणींत वाचायला मिळतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनासुद्धा हे बोलणं-फिरणं पसंत नव्हतं. म्हणजे बाईने सभेत उभं राहू नये असं मानणारे लोक पुण्यातही भरपूर होते. फरक इतकाच, की त्यांचं ऐकून पंडिताबाई कधी गप्प बसल्या नव्हत्या. जे उडुपीला चाललं नाही, पुण्याला चाललं नाही, ते चेल्टनहॅमला का चालावं?

त्या इंग्लंडला पोचल्या त्या पुण्याच्याच वाटेने. इथे पंचहौदाजवळ वाँटेजच्या मठातल्या अँग्लिकन सिस्टर्स राहत. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचे नेहेम्या गोरे, यांच्याशीही रमाबाईंची चर्चा होई. डॉक्टर व्हायचं ठरवून त्या १८८३मध्ये निघाल्या. सोबत मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. खर्चाच्या बदल्यात सिस्टर्सना मराठी शिकवायचं, असा व्यवहार. वाँटेजला पोचल्यावर थोड्याच काळात आनंदीबाईंनी आत्महत्या केली. त्या धक्क्यातून सावरत असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. कान अधू झाल्यामुळे वैद्यकीचा नाद सोडावा लागला. मग १८८४मध्ये त्या चेल्टनहॅमला मिस बील यांच्याकडे आल्या. मुलींना संस्कृत शिकवायचं आणि स्वतः गणित, शास्त्र, इंग्रजी, ग्रीक शिकायचं, अशी सोय झाली.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्माच्या आई. मायेने सांभाळलं त्यांनी, यात शंका नाही. पण त्यांच्या मते नव्या ख्रिस्ती माणसाचा पहिला गुण म्हणजे नम्रता आणि दुसरा म्हणजे आज्ञापालन. रमाबाईंपाशी दोन्हींचा तुटवडा. त्या मांस-मच्छी खात नसत, अंड्याचं पुडिंग नको म्हणत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसे. त्यावर रमाबाईंनी जे उत्तर लिहिलं ते मूळ इंग्रजीत वाचताना हसू येतं: माझा गर्व शोधायचाच असेल तर तुम्ही तो पाय आणि पुडिंगांत, लोण्या-दुधात, पाण्या-भातात, बूट-मोज्यांत, इतकंच काय, मी रोज जाळते त्या कोळशाच्या ढिगातही शोधून काढाल, अशा अर्थाचं ते होतं. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तिथेही त्या अडल्या. माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, घालायचीच असतील तर संस्कृत अक्षरं घाला, असा त्यांचा आग्रह. त्रैक्याचा सिद्धांत तर त्यांच्या गळी उतरतच नव्हता. मठातल्या विनयाच्या कल्पनांना रोज तडा जात होता.

अशा वेळी बिशपांची हरकत आली. ती नुसती शिकवणीबद्दल राहणं शक्यच नव्हतं.

रमाबाईंनी आधी मिस बील यांना लिहिलं. मी किंवा माझ्या आईने तरुण पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, माझ्या नवऱ्याने घेतली नाही, आणि इथले इंग्रज लोक घेताहेत याचं नवल वाटतं, असा पत्राचा सूर. बिशपांचा मुद्दा त्यांनी एका वाक्यात उलटा फिरवला. हिंदुस्थानात बाई दबलेली आहे आणि आम्ही तिला सोडवायला आलो, असं मिशनचं सांगणं. आणि त्या दबलेल्या हिंदुस्थानातल्या एका ब्राह्मण शास्त्र्याने जे करू दिलं, ते ख्रिस्ती इंग्लंडने अडवायचं!

मग जेराल्डीनबाईंना. तिथे भाषा आणखी धारदार झाली. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण प्रत्येक धर्मगुरूच्या, प्रत्येक बिशपच्या तोंडून पडलेला शब्द मानायला बांधलेली नाही. नुकतीच कुठे मी हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती दुसऱ्या तशाच जोखडात द्यायची नाही. मला सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय आहे. जेराल्डीनबाईंना हे वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. पण ही पत्रं त्यांनी फाडली नाहीत. स्वतःच्या टिपणांसह जपून ठेवली, आणि म्हणूनच १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला त्यांचं पुस्तक काढता आलं. आपल्याकडे एखाद्या बाईने धर्माधिकाऱ्यांशी केलेला असा वाद, तोही दोन्ही बाजूंच्या पत्रांसकट, क्वचितच हाती लागतो. तरीही ते पुस्तक फार थोड्या घरांत दिसतं.

मिस बील यांची गोष्ट निराळी. त्या स्वतः पक्क्या अँग्लिकन. पण मुलींना गणित शिकवलं तर त्यांची डोकी बिघडतील असं बोलणाऱ्या पालकांना तोंड देत त्यांनी आयुष्य काढलं होतं. या बाईला हुकूम सोडून चालणार नाही, ती तत्त्वज्ञानाची माणूस आहे, तिच्याशी युक्तिवादच करावा लागेल, असं त्या मठाला आणि बिशपांना परोपरीने समजावत राहिल्या. त्रैक्यावर, चमत्कारांवर त्यांनी रमाबाईंशी लांबलचक पत्रव्यवहार केला. रमाबाई त्यांच्याशीही पटापट सहमत झाल्या नाहीत. पण त्या पत्रांत राग नाही. दोन शिक्षिका एकमेकींना तोलताहेत, असं वाचताना जाणवतं.

या पत्रांमागे एक जुना कागद उभा आहे, त्याचं नाव हरकतीत फारसं येत नसलं तरी. बायबलच्या नव्या करारात पौलाने तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात, बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, अशा अर्थाचं वाक्य आहे. करिंथकरांच्या पत्रात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं म्हटलं आहे. त्याच पौलाच्या पत्रांत फीबी आहे, प्रिस्किल्ला आहे, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या बायकाही आहेत, हा वाद तेव्हाही होता. पण एकोणिसाव्या शतकातल्या अँग्लिकन चर्चने पहिली दोन वाक्यं घट्ट धरली होती. बाईला मठवासिनी होता येई. १८६२पासून डीकनेस होता येई, म्हणजे गरीब-आजारी लोकांची सेवा करणारी. मिशनरी होऊन बाहेरदेशी जाता येई. पुलपिटावर चढता येत नसे.

आपल्याकडच्या मिशनांत तर ही विभागणी फार आधीपासून ठरलेली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७मध्ये अविवाहित म्हणून मुंबईत उतरल्या, मुलींच्या शाळा चालवत शेवटी नगरला वारल्या. त्यांच्या मागून कितीतरी आल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मराठी बायबल-वुमन घरोघर जात, चुलीपाशी बसून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवत, तुटपुंज्या पगारावर. हेच काम मंडळीपुढे, पुरुषांदेखत केलं की त्याचं नाव ‘उपदेश’, आणि ते पाळकाचं. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येऊन तेच वाक्य बेकायदा ठरत होतं.

त्या काळात याला अपवाद करणारी एक ख्रिस्ती टोळी नेमकी मुंबईतच येऊन धडकली होती. मुक्तिफौजेच्या संस्थापक जोडप्यातल्या कॅथरिन बूथ यांनी १८५९मध्येच बाईच्या उपदेशाच्या हक्कासाठी पुस्तिका लिहिली होती, आणि फौजेत बायकांना पुरुषांच्या बरोबरीचा हुद्दा मिळे. १९ सप्टेंबर १८८२ रोजी फौजेचे चौघं मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांत फ्रेडरिक टकर हा आयसीएसची नोकरी सोडून आलेला अधिकारी होता आणि मेरी थॉम्पसन ही बाई होती. बँडबाजा लावून रस्त्यात उपदेश करणाऱ्या या लोकांना मुंबईच्या पोलिसांनी चौकीत नेऊन बसवलं. साहेबलोकांना लाज वाटली ती गोऱ्यांनी बाजारात उभं राहून ओरडण्याची. बाई उपदेश करते, हा त्या मानाने धाकटा गुन्हा होता. त्याच महिन्यात पंडिताबाई पुण्यात शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे, बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर होऊ द्या, म्हणून साक्ष देत होत्या. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण लाहोर आणि मुंबईच्या बिशपांना ज्या हिंदुस्थानाची काळजी होती, तो कसा होता, याची यावरून थोडी कल्पना यावी.

फ्रेंचसाहेबांबद्दल एक सांगायला हवं. हा माणूस नुसता अधिकार गाजवणारा नव्हता. त्यांनीच पुढे बिशपपदाचा राजीनामा दिला, एकटेच मस्कतला जाऊन बाजारात उपदेश करत राहिले आणि १८९१मध्ये तिथेच वारले. कोणत्याही मिशनची परवानगी, आधार, पगार नसताना. रमाबाईंना जे करू नको म्हणाले, ते त्यांनी स्वतः करून पाहिलं.

फेब्रुवारी १८८६मध्ये रमाबाईंनी इंग्लंड सोडलं. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं; ११ मार्चला फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. समोर पुरुष बसलेत की बायका, हे तिथे त्यांना कुणी विचारलं नाही. पण अमेरिकेची चर्च इंग्लंडपेक्षा फार पुढे होती असंही नाही. मेथॉडिस्ट चर्चच्या १८८०च्या सर्वसाधारण परिषदेने ॲना ऑलिव्हर आणि ॲना हॉवर्ड शॉ यांना दीक्षा नाकारलीच, वर बायकांना मिळालेले उपदेशाचे परवानेही काढून घेतले. रमाबाईंची तिथली जिवलग मैत्रीण फ्रान्सिस विलर्ड. दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांची प्रचंड मोठी संघटना चालवणारी बाई. १८८८मध्ये तिला आणि आणखी चौघींना त्यांच्या भागातल्या मेथॉडिस्टांनी न्यूयॉर्कच्या परिषदेसाठी रीतसर निवडून दिलं. परिषदेने त्यांना बसू दिलं नाही. उपदेश दूरच, मतदानाची खुर्चीसुद्धा नाही. त्याच वर्षी विलर्डबाईंनी बायकांच्या उपदेशाच्या हक्कावर पुस्तक काढलं. रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. परतल्यावर १८८९मध्ये त्यांनी अमेरिकेवरचं जे मराठी पुस्तक लिहिलं, त्यात विलर्डबाईंच्या संघटनेचं वर्णन हात राखून केलेलं नाही. संघटना बांधायची कशी, हे त्या तिथे शिकल्या, असं ते वाचताना वाटतं.

मला त्यांच्या पुढच्या आयुष्यात एक गोष्ट फार ठळक दिसते. विलर्ड, शॉ, ऑलिव्हर या परवानगी मागत राहिल्या, भांडत राहिल्या, हरत राहिल्या. रमाबाईंनी चेल्टनहॅमनंतर परवानगी मागायचंच सोडून दिलं.

विधवांसाठी काढलेलं शारदासदन, मग त्यावरून पुण्यात उठलेलं धर्मांतराचं वादळ, हा इतिहास अनेकांनी अनेकदा लिहिला आहे. त्यात इथे शिरत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या आणि पुणे-दौंड रस्त्यावर केडगावला शेतात वसवल्या. त्याचं नाव मुक्ती. ही संस्था कुठल्याही एका पंथाच्या ताब्यात नव्हती. तिचा बिशप नव्हता, मिशन बोर्ड नव्हतं. बाप्तिस्म्यासाठी बाहेरून पाळक बोलवावा लागे. पण रोजची प्रार्थना, बायबलचं शिक्षण, उपदेश, शिस्त, कुणाला कुठल्या कामावर घालायचं हे सगळं रमाबाईंच्या हाती. एवढ्या मोठ्या मंडळीची प्रमुख तेव्हाच्या अँग्लिकन चर्चमध्ये कुणी बाई असणं शक्यच नव्हतं.

१९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी पुनरुज्जीवनासाठी प्रार्थनेचा क्रम सुरू केला. सुरुवातीला सत्तरएक जणी जमत; जूनपर्यंत रोज दोनदा साडेपाचशे. वेल्समध्ये, खासी टेकड्यांत अशाच लाटा उठल्याच्या बातम्या येत होत्या. २९ जूनच्या पहाटे तीनच्या सुमाराला एका वसतिगृहात एक मुलगी ओरडत उठली. तिच्या अंगाला ज्वाळा लागल्याचं शेजारच्या मुलीला दिसलं. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच लक्षात आलं की मुलगी जळत नाहीये. ही हकीकत मिनी अब्रॅम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट बाईंनी लिहून ठेवली आहे. त्या १८९८पासून मुक्तीत होत्या. कुणी तिला चमत्कार म्हणेल, कुणी पहाटेचा भास. मला त्यात ती बादली खरी वाटते. दुष्काळातून आलेल्या, आगीची भीती ठाऊक असलेल्या मुलीने पहिलं काय केलं असतं? पाणीच आणलं असतं.

दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असता सगळी सभा मोठ्याने रडत प्रार्थना करू लागली आणि त्यांना शिकवणं थांबवावं लागलं. पुढे आठवडेच्या आठवडे हे चाललं. गोंगाट फार आहे, शिस्त नाही, म्हणून मिशनरी वर्तुळातून नाकं मुरडली गेली. रमाबाईंनी उत्तर दिलं, तेही आपल्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रातून. ज्या लोकांचा देव आहे, त्यांना आपल्या रीतीने त्याच्यापुढे रडू द्या, असा त्यांचा पवित्रा होता. वाँटेजच्या क्रुसावर संस्कृत अक्षरं मागणारी बाई वीस वर्षांत फार बदलली नव्हती.

उपदेशाच्या प्रश्नाचा खरा निकाल लागला तो यानंतर. मुक्तीतल्या मुलींच्या प्रार्थना-टोळ्या झाल्या. रोज पाळीपाळीने त्या आसपासच्या गावांत जात, पारावर, चावडीपाशी, बाजाराच्या दिवशी गर्दीत उभ्या राहत आणि बोलत. या मुली कोण? बालविधवा, दुष्काळात टाकून दिलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या. घरच्या पुरुषापुढे मान वर न करायला शिकवलेल्या. चारदोन वर्षांपूर्वी यांतल्या कित्येकींना ‘ग’ की ‘म’ ओळखता येत नव्हता. आता त्या केडगाव-दौंडकडच्या शेतकऱ्यांपुढे शुभवर्तमान सांगत होत्या, ऐकणारे बहुतेक पुरुष. कुठल्याही सिनॉडने ठराव केला नव्हता.

मिनी अब्रॅम्सनी या अनुभवावर १९०६मध्ये पुस्तक लिहिलं. त्याची एक प्रत त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीला, चिलीतल्या वालपाराइसोच्या मे हूवर यांना गेली. तिथल्या मेथॉडिस्ट मंडळीत ते वाचलं गेलं आणि १९०९मध्ये चिलीची पेंटेकोस्टल चळवळ सुरू झाली. आज ती दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या चळवळींपैकी एक आहे. पेंटेकोस्टल मंडळींचा इतिहास लिहिणारे अमेरिकन लोक सगळं लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून सुरू करत, १९०६पासून. त्याच्या आधीचं वर्ष केडगावचं आहे, हे अलीकडे मान्य होऊ लागलं आहे.

आणि त्याच काळात रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. जुनी भाषांतरं त्यांना जड वाटत. खेड्यातल्या बाईला समजेल असं बायबल पाहिजे म्हणून पन्नाशीकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीकला भिडल्या. मुक्तीतल्या बायका खिळे जुळवत, मराठीच नव्हे तर ग्रीक आणि हिब्रूही. छापखाना त्याच चालवत. म्हणजे तीमथ्याच्या पत्रातलं ते वाक्य, बाईने शिकवू नये हे, ग्रीकमधून मराठीत एका बाईने आणलं, बायकांनी जुळवलं, बायकांनी छापलं. एकट्या बाईने सबंध बायबलाचं भाषांतर केल्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत त्यांनी मरण लांबवून मागितलं होतं, असं मुक्तीत सांगतात. ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला.

परवानगी न मागण्याची किंमत मात्र होती, ती रमाबाईंच्या चरित्रकारांनी सहसा मोजलेली नाही. केडगावचा अधिकार त्यांच्या व्यक्तिमत्त्वातून आला होता; तो कुठल्याही हुद्द्यात बसवलेला नव्हता. त्यांच्या मागे मुक्तीचा कारभार बायकांनी चालवला, पण पंचहौदातली किंवा गिरगावातली एखादी मुलगी ‘रमाबाईंना मिळालं तसं मलाही द्या’ असं चर्चला म्हणू शकत नव्हती, कारण चर्चने रमाबाईंना काही दिलंच नव्हतं. ते काम आत राहून भांडणाऱ्यांना करावं लागलं. त्यांतली एक मिस बील यांच्याच शाळेत शिकलेली. मॉड रॉयडन. १९१७मध्ये लंडनच्या सिटी टेंपलने तिला उपदेशक म्हणून नेमलं. ते काँग्रिगेशनल पंथाचं. तिच्या स्वतःच्या अँग्लिकन चर्चने मात्र पुढे एका गुड फ्रायडेला तिला चर्चमध्ये बोलू दिलं नाही.

अँग्लिकनांचा निर्णय यायला ११ नोव्हेंबर १९९२ उजाडावा लागला, तोही सामान्य सभासदांच्या सभागृहात दोन मतांच्या फरकाने. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये बत्तीस बायका पहिल्यांदा प्रीस्ट झाल्या. २०१५मध्ये लिबी लेन बिशप झाल्या, आणि त्याच वर्षी रेचल ट्रीवीक ग्लॉस्टरच्या बिशप झाल्या. स्वतःचा बिशपप्रांत सांभाळणाऱ्या त्या चर्च ऑफ इंग्लंडमधल्या पहिल्याच बाई, आणि चेल्टनहॅम त्याच प्रांतात येतं. इकडे मुंबईचा अँग्लिकन बिशपप्रांत २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झाला. त्या चर्चनेही पुढे बायकांना पाळकदीक्षा दिली. दक्षिण भारतीय चर्चमध्ये २०१३साली ई. पुष्पललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात आता ३० एप्रिल हा पंडिता मेरी रमाबाईंचा दिवस आहे. नावापुढे ओळख लिहिली आहे: धर्मग्रंथांच्या भाषांतरकार. एवढीच.

महाराष्ट्र-गोव्यातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र कॅथलिक आहेत, वसईपासून मडगावपर्यंत, आणि त्यांच्याकडे हा प्रश्न बंद आहे. ब्रिस्टलच्या दीक्षाविधीला अडीच महिने व्हायच्या आतच, २२ मे १९९४ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं की बायकांना धर्मगुरूची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला मुळातच नाही. २०२१च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना रीतसर खुली केली. वेदीजवळ उभं राहून शास्त्रपाठ वाचणाऱ्या बायका आपल्याकडे त्याआधीही होत्याच. पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पत्र त्या दिवशीच्या वाचनात आलं तर तेही बाई वाचू शकते. मिस्सेत त्यावर प्रवचन करायला मात्र दीक्षा घेतलेला पुरुषच उभा राहतो.